सीलला लावलेलं कुंकू

औक्षणाचं तबक हातात धरून मी कारखान्याच्या गेटवर उभी होते आणि तिकडे पंप हाऊसमध्ये पंपाची गळती रोखणारं माझं सील माझ्यावाचून बसवलं जात होतं.

दसऱ्याचा दिवस होता. आमच्या साखर कारखान्यात त्या दिवशी बॉयलर पेटवायचा, असा प्रघात. चेअरमन आबासाहेब आणि अख्खं संचालक मंडळ येणार, मग त्यांना ओवाळायला कुणीतरी हवं. कारखान्यात माणसं पुष्कळ होती, पण बाईमाणूस मी एकटीच. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे चीफ इंजिनिअर रेळेकर साहेबांना अधूनमधून आठवायचं. मी बाई आहे, हे मात्र ते कधी विसरले नाहीत.

"मिस मगदूम, सील महिपती फोरमन बसवेल," ते सकाळीच म्हणाले होते. "तुम्ही गेटवर थांबा."

"साहेब, पहिलंच सील आहे. फार नाजूक काम आहे. बसवताना मी तिथं असले तर—"

"मग आबासाहेबांना कुंकू लावायला मी फिटर पाठवू का?" आणि मग मायेनं म्हणाले, "अहो, ड्रॉइंगवर सगळं दाखवलंय ना तुम्ही? तुमची ड्रॉइंगं फार सुंदर असतात. मी सगळ्यांना सांगत असतो."

ते खरोखरच सांगत असत. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, यंत्रांत हात घालायला मिळेल. साहेबांनी मला ड्रॉइंग ऑफिसातलं खिडकीजवळचं टेबल दिलं, पंख्याखालचं. तिथं बसून मी जुन्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर ठेवून ते नव्यानं गिरवायचे. पावसाळ्यात जुने नकाशे दमट व्हायचे, त्यामुळे काम कधी संपायचं नाही. वर्कशॉपात पाऊल टाकलं की कुणीतरी लगेच स्टूल आणून पुसून द्यायचं. इतका मान मिळायचा की काम मागायची सोयच उरायची नाही.

त्या टेबलावरून उठायचा रस्ता मला पाकाच्या पंपानं दाखवला.

उसाचा रस आटवून जो घट्ट पाक होतो, तो वर चढवणारा हा पंप. पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथून पाक गळू नये म्हणून दांड्याभोवती ग्रॅफाइट लावलेली दोरी गुंडाळायची आणि वरून नट आवळून ती दाबून बसवायची, ही तिथली जुनी पद्धत. दोरी दाबली की गळती थांबते, पण दोरी दांड्याला घासते. घासली की तापते, दांड्याला चर पडतो, आणि चर पडला की पुन्हा गळती सुरू होते. मग पुन्हा आवळायचं. खरं तर त्या दोरीला थोडं गळू द्यावं लागतं, तेवढ्याच ओलाव्यावर ती आणि दांडा दोघंही तगतात. पण आमच्या कारखान्यात कोणत्याही प्रश्नाला 'आवळा' हे एकच उत्तर होतं. पंप गळला की नट आवळत, कामगार कुरकुरले की रजा आवळत, आणि साहेबांना वरून शिव्या बसल्या की ते आम्हा सगळ्यांना आवळत. पंपाखाली पाकाचं तळं आणि तळ्याभोवती गांधीलमाश्या. दर हंगामात एक-दोन दांडे भंगारात जायचे आणि 'मटेरियल हल्ली चांगलं येत नाही' असं म्हणून सगळे मोकळे व्हायचे.

मी साहेबांना म्हटलं, दोरी काढून टाकू आणि मेकॅनिकल सील बसवू.

"पाकाला सील टिकत नाही," साहेब म्हणाले. "साखर आहे ती. चिकटते."

"टिकतं, साहेब. रिंगांची जोडी बदलून बघू. एक कार्बनची, एक कडक धातूची. मी स्वतः घोटून देते."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मला नाही म्हणायचं आणि वर उदार दिसायचं, अशी दुहेरी संधी त्यांना रोज मिळत नसे. म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्याला चेअरमनांच्या हस्ते तोच पंप चालू करू. चाललं तर उद्यापासून पंप हाऊस तुमचं. गळलं तर मात्र पुन्हा हा विषय काढायचा नाही. ट्रेसिंग, ट्रेसिंग आणि ट्रेसिंग."

म्हणजे गळलं तर सगळ्या गावासमोर गळणार होतं. पण मी हो म्हटलं.

राहता राहिला महिपती फोरमन. वर्कशॉपचा अनभिषिक्त राजा. ओठांवर मिशीचा झुबका, खांद्यावर कायम तेलकट फडकं, आणि आवळण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. आदल्या हंगामात साहेबांनी ओव्हरटाइम कापला तेव्हा यानंच बॉयलर हाऊसचं काम बंद पाडलं होतं. तेव्हापासून साहेब त्याच्याकडे जेवणात आलेल्या खड्याकडे बघावं तसे बघत. सगळे त्याला मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे.

मी वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या बाकावर जाड काच मांडली, त्यावर पॉलिशचा मसाला लावला आणि रिंगा घोटायला बसले. स्टूल आलंच, पुसून. मामा लांबून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी थोडा जवळून. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना.

"बाई, ह्ये काय म्हनायचं?"

"मामा, दोन रिंगा. एक दांड्याबरोबर फिरणार, दुसरी जागेवर स्थिर. दोघींची तोंडं एकमेकींना टेकलेली."

"म्हंजी जात्यागत?"

"अगदी. फक्त यात दळायचं काही नाही. मध्ये पाण्याचा पातळ थर तेवढा राहतो. त्या थरावरच ती फिरते, म्हणून झिजत नाही. आणि थर इतका पातळ की बाहेर थेंब येत नाही."

"आन आवळायचं कुठनं?"

"आवळायचं नाहीच. मागची स्प्रिंग दाबते तेवढंच."

मामानं सील उलटंपालटं करून बघितलं. आवळायला नटच नसलेली वस्तू त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असावी. "आवळायला जागा न्हाई तर फोरमननं काय करायचं मग? टाळ्या वाजवायच्या?" असं म्हणून तो निघून गेला आणि वर्कशॉपात चांगला हशा पिकला. त्यानंतर तो माझ्याशी सीलविषयी एक अक्षर बोलला नाही. घोटून घोटून रिंगांची तोंडं आरशासारखी झाली. एक जोडी जास्तीची केली, ती टेबलाच्या खणात ठेवली. पहिली जोडी वर्कशॉपातच बाकावर, स्वच्छ मलमलीखाली.

खंडेनवमीला वर्कशॉपात फक्त पूजा, काम बंद. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात आणि पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी घरी निघताना मी सगळ्यांना बजावलं.

"या रिंगांच्या तोंडाला कुणी बोट लावायचं नाही. फडक्यानं पुसायचं नाही. फुंकरसुद्धा मारायची नाही. बोटाचा घाम लागला तरी सील जाईल. कळलं?"

"कळलं की," मामा म्हणाला. "तान्ह्या पोराला बी येवढं जपत न्हाईत."

तर आता मी गेटवर. गाड्या आल्या. आबासाहेब उतरले, पांढरंशुभ्र धोतर, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. मागून संचालक. मी एकेकाच्या कपाळाला कुंकू लावत होते आणि मनातल्या मनात पंपाचे बोल्ट मोजत होते. एका संचालकानं कपाळ इतकं पुढं केलं की तबकातला दिवा त्यांच्या टोपीला लागता लागता राहिला.

"कुणाची गं तू पोरी?" आबासाहेबांनी विचारलं.

"मी इंजिनिअर आहे इथं, साहेब. सुलक्षणा मगदूम."

"वा! छान ओवाळतीस."

बॉयलर पेटला, नारळ फुटले, सनई वाजली. मग सगळी मिरवणूक पाकाच्या पंपाशी आली. अजून ऊस यायचा होता, म्हणून पंपात नुसतं पाणी भरलं होतं. पंपाला झेंडूचा हार, मोटरवर स्वस्तिक. मामा बाजूला हाताची घडी घालून उभा. मी डोळ्यांनी विचारलं, त्यानं डोळ्यांनी सांगितलं, सगळं ठीक.

रेळेकर साहेबांनी भाषण केलं. त्यात 'आमच्या विभागानं' हा शब्द इतक्यांदा आला की मी मोजायचं सोडून दिलं. मग आबासाहेबांनी बटण दाबलं.

पंपानं सूर धरला. मी सीलकडे बघत होते. क्षणभर काही नाही. आणि मग दांड्यापाशी एक थेंब आला. त्यामागे दुसरा. मग कडेनं पाण्याचा एक बारीक फवारा सुटला आणि नेम धरल्यासारखा आबासाहेबांच्या शर्टावर जाऊन पडला. पाणी तांबूस होतं. पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत गुलाबी शिंतोडे.

सनईवाला थांबला. एका संचालकानं लगेच "शुभशकुन!" म्हणून हाळी दिली, पण त्याला कुणी साथ दिली नाही.

"रंगपंचमी लवकर आली म्हणायची," आबासाहेब म्हणाले. हसले नाहीत.

पंप बंद केला. सगळे पंगतीकडे वळले आणि साहेबांनी मला खांबाआड घेतलं. मला वाटलं, आता ट्रेसिंग. पण साहेबांचा चेहरा चक्क खुलला होता.

"पाणी लाल कसं आलं, मिस मगदूम?"

"काय माहीत, साहेब. खोलून बघावं लागेल."

"मी सांगतो. कुणीतरी सीलमध्ये काहीतरी घातलंय. आणि सील बसवलं कुणी?" त्यांनी आवाज खाली आणला. "हा घातपात आहे. महिपतीला नवीन काही चालत नाही, अख्ख्या वर्कशॉपला माहीत आहे. तुम्ही पंगतीत चेअरमनांना एवढंच सांगायचं की, साहेब, मुद्दाम बिघडवलंय. निलंबनाचं मी बघतो."

"आणि सील?"

"घातपात झाला म्हटल्यावर सीलचा काय दोष? पुन्हा चाचणी करू. पंप हाऊस तुमचंच." आणि मग, सहज म्हणून, "नाहीतर मग गळलं ते गळलं. शब्द तुमचाच होता."

साहेबांना यंत्रातलं किती कळायचं, याविषयी मतभेद होते. पण कुठला नट आवळला की कुठं दाब पडतो, हे माणसांच्या बाबतीत त्यांना अचूक कळे. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही ते पटलं. टाळ्या वाजवायच्या का, असं म्हणून हसवलं होतं ना त्यानंच?

मी साडी खोचली आणि पंप खोलला. आता ओवाळायचं संपलं होतं, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही. रिंगा बाहेर काढल्या. आरशासारख्या तोंडावर गोल गोल ओरखडे होते आणि ओरखड्यांत लालपिवळा चिखल. मी बोटावर घेऊन वास घेतला. हळद. कुंकू. सकाळपासून माझ्या हाताला तोच वास येत होता.

रिंग घेऊन मी तशीच वर्कशॉपात गेले. सगळे जेवायला गेले होते. मामा एकटा बाकावर बसून होता. साहेब काय म्हणत होते ते त्याच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. कारखान्यात पाक चढायला पंप लागतो, बातम्या आपल्या आपण चढतात.

"मामा, हे कुंकू कुणी लावलं?"

"मीच की." तो सरळ म्हणाला.

"रिंगेच्या तोंडाला? मी हात लावू नका म्हणाले होते ना?"

"हात कुठं लावला? झेंडूची पाकळी घितली आन तिच्या टोकानं अल्लाद टेकवलं. दोन्ही रिंगास्नी. तुमी म्हनला हुता, बोट लावायचं न्हाई. न्हाई लावलं."

"आणि आज बसवताना? पुसलं का नाही मग?"

आता मामाच चकित झाला. "आवं बाई, पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय? सनासुदीचं? आन पुसायचं न्हाई, ह्ये बी तुमीच बजावलं हुतं. फुंकर बी मारली न्हाई मी, आईच्यान."

माझी प्रत्येक सूचना त्या माणसानं तंतोतंत पाळली होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

"मामा, जात्यात कुंकू गेलं. दळायचं काही नव्हतं तिथं दळलं ते."

त्यानं रिंग हातात घेतली, उजेडाकडे धरली, ओरखड्यांवरून नजर फिरवली. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "आयला," तो पुटपुटला, "माझ्या हातनंच गेलं म्हना की."

"पण का लावलंत? तुम्हाला तर हे सील नकोच होतं."

"नगं हुतं तर लावलं आसतं का?" तो एकदम चिडला. "भंगाराला कुनी कुंकू लावतंय? जे टिकाया पायजे त्यालाच लावत्यात. आठवडाभर बगतुया, हात सोलपटलं तुमचं घोटून घोटून. म्हनलं, चालू दे बाबा हिचं."

मी काही बोलणार एवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. देवाच्या तसबिरीखाली कालची रांग अजून तशीच होती. वर्कशॉपची रीत ठरलेली: ज्याचं त्याचं हत्यार, ज्याच्या त्याच्या जागी. मामाचा मोठा हातोडा पहिला. मग वेल्डरचा चिमटा, टर्नरचं मायक्रोमीटर, पाने, कानशी, प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका, अक्षता आणि फूल. आणि मामाच्या हातोड्याला लागून, दुसऱ्या जागी, माझी घोटायची काच. तिच्या मधोमध कुंकू, त्यावर चार अक्षता.

"ही इथं कुणी ठेवली?"

"मीच. हत्यार न्हाई व्हय ते?"

"पण मामा, ऑफिसरांची पूजा ऑफिसात होते. भटजी येतात तिथं."

"ठाव हाय. म्हनून शिपायाला इचारलं मी, बाईंची पूजा कुठं केली रं. त्यो म्हनला, त्यांच्या टेबलावर कुंकूफूल वाह्यलंय." मामानं रांगेकडे हात केला. "टेबल काय हत्यार हाय व्हय तुमचं?"

मी पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षं ज्या जागेसाठी मी साहेबांच्या दारात उभी होते, ती जागा मला कालच मिळाली होती, आणि मला घरी बसून तिचा पत्ता नव्हता. इथं स्टूल पुसून दिलेलं नव्हतं. इथं मला रांगेत धरलेलं होतं.

"आता काय रडताय," मामा म्हणाला. "रडाया मी हाय की. साहेब मला घरी बशिवनार. चला, मीच जाऊन सांगतो, मी लावलं म्हनून. कुंकू लावलंय, दरोडा न्हाई घातला."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. त्याला असं म्हणायची माझी पहिलीच वेळ. "तुम्ही पंप साफ करून ठेवा. मी आलेच."

पंगत ऐन रंगात होती. श्रीखंडाचं दुसरं वाढप चाललं होतं. आबासाहेब मध्यभागी, दुसरा शर्ट घालून. शेजारी रेळेकर साहेब. मला बघताच साहेबांनी हातातली पुरी खाली ठेवली.

"या, मिस मगदूम. चेअरमनसाहेब विचारताहेत, काय प्रकार झाला. जे घडलं ते न घाबरता सांगा."

"सांगते," मी म्हटलं. "आबासाहेब, सील का गळलं ते सापडलं. काल खंडेनवमीची पूजा झाली. रिंगांना हळदकुंकू लागलं. आणि पूजेचं कुंकू म्हणून बसवताना ते कुणी पुसलं नाही. एवढंच झालं."

समोर अख्खं संचालक मंडळ बसलेलं, प्रत्येकाच्या कपाळावर मी सकाळी लावलेलं कुंकू.

"कुणी लावलं कुंकू?" एका संचालकानं विचारलं.

"सांगते की. पण आधी माझी एक शंका आहे. रेळेकर साहेब म्हणतात की हा घातपात आहे आणि कुंकू लावणाऱ्याला निलंबित करावं लागेल. मी नवी आहे, मला रीत माहीत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

आबासाहेबांचं श्रीखंडाचं बोट ओठांपाशीच थांबलं. निवडणूक तोंडावर आली होती. खंडेनवमीचं कुंकू लावलं म्हणून कामगाराला घरी बसवणारा चेअरमन गावोगाव कोणत्या तोंडानं फिरला असता, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होता.

"रेळेकर," ते सावकाश म्हणाले, "कुंकवाला घातपात म्हणालात तुम्ही?"

"नाही नाही साहेब! तसं नाही! मला म्हणायचं होतं..." साहेबांना ठसका लागला. शेजारच्या संचालकानं पाणी पुढं केलं. साहेबांना काय म्हणायचं होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मग आता काय करायचं म्हणतीस तू पोरी? ते कुंकू पुसायचं, का कसं?"

"ते तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

इथं मात्र मी आबासाहेबांना मानलं. सहकारात माणूस उगाच चेअरमन होत नाही. त्यांनी बोट पूर्ण चाटून घेतलं, इकडे तिकडे पाहिलं आणि निर्णय दिला.

"पूजेची वस्तू ती. पुसायची नाही आणि टाकायची तर नाहीच नाही. ती जोडी वर्कशॉपातल्या देवाजवळ ठेवा, मानानं. पंपाला दुसरी बसवा. आहे का दुसरी?"

"आहे, साहेब. माझ्या खणात."

"तिला कुंकू?"

"टेबलाला लागलंय, साहेब. आत पोचलं नाही."

"झालं तर. आमचं जेवण होईस्तोवर बसवून टाका."

मी पंप हाऊसकडे जवळजवळ पळत गेले. मामानं जागा लख्ख पुसून ठेवली होती. मी नवी जोडी मलमलीतून काढली आणि सवयीनं बाजूला झाले. फिटिंग फोरमनचं.

"आता का थांबलाय?" मामानं पाना माझ्यासमोर धरला. "बसवा की. मी हाय हितंच. टाळ्या वाजवाया."

मी सील बसवलं. शेवटचा बोल्ट लावला तेव्हा मामाचा हात सवयीनं पुढं आला, आणखी एक फेरा आवळायला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात मागं घेतला आणि फडक्याला पुसला.

मंडळी जेवून, पान खाऊन आली. यावेळी सगळे जरा लांबच उभे राहिले. आबासाहेबांनी हात लांब करून बटण दाबलं.

पंपानं सूर धरला. आम्ही बघत राहिलो. काही झालं नाही. आणखी बघितलं. तरी काही झालं नाही. न गळणं ही काही बघण्यासारखी गोष्ट नव्हे, त्यामुळे थोड्याच वेळात संचालक मंडळाला कंटाळा आला. मामा पुढं झाला, खाली वाकला, दांड्याखाली तळहात धरला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग वर येऊन त्यानं हात सगळ्यांना दाखवला.

"कोरडा हाय."

रेळेकर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी त्यांनीच.

पंप हाऊस मला मिळालं. ते सील हंगामभर चाललं, पुढच्या हंगामातही. गांधीलमाश्यांनी मुक्काम हलवला. हळूहळू सगळ्या पंपांना सीलं लागली आणि सगळी मी आणि मामानं मिळून बसवली. साहेबांनी एका परिषदेत 'आमच्या विभागानं' या विषयावर निबंधही वाचला, त्यातली ड्रॉइंगं फार सुंदर होती म्हणतात. दसऱ्याच्या औक्षणाचं तबक मात्र मी निवृत्त होईपर्यंत माझ्याकडेच राहिलं. तेवढी झीज कुठलंच सील थांबवू शकलं नाही.

मध्यंतरी निवृत्तीनंतर एकदा कारखान्यात जाणं झालं. मामा जाऊनही बरीच वर्षं झाली. नवी पोरं होती. खंडेनवमीचा दिवस होता आणि ती सीलच्या खोक्यांना कुंकू लावत होती. बाहेरून, पुठ्ठ्यावर. आतल्या वस्तूला का नाही लावत, असं मी विचारलं, तर एक जण म्हणाला, "आमच्यात तशी रीत हाय." वर देवाजवळ ती जुनी जोडी होती, हार घालून. इतक्या वर्षांत त्या कारखान्यात एकही थेंब न थोपवलेलं तेवढं एकच सील, आणि पूजा त्याचीच होते.

माझी काच मी त्या दसऱ्यालाच घरी आणली होती. अजून आहे, कपाटात, कागदात गुंडाळलेली. घोटायच्या काचेवर कुंकवाचा एक कण जरी राहिला तरी ती काच कामाची राहत नाही, हे मी पुढं कित्येक पोरांना शिकवलं, दरडावून शिकवलं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या पगारातून नवी काच विकत आणली. ती जुनी मी पुसली नाही.